सुतक आहे का तुला?

"तोंड उघड."

शेठने पेढा माझ्या ओठांशी धरला होता. कांद्याचा लिलाव सुरू व्हायचा होता. गाळ्यासमोर हमाल, खरेदीदार, टेम्पोवाले, सगळे जमलेले. फटाक्यांचा धूर अजून विरला नव्हता. शेठचे भागीदार मोबाइल धरून उभे. व्हिडिओ चालू. सीमेपलीकडे अतिरेक्यांचा एक म्होरक्या मारला गेला, ही बातमी पहाटेच आली होती. मार्केट यार्डात त्याचा जल्लोष चालला होता. आणि पहिल्या पेढ्याचा मान मला.

मलाच का, ते सांगायला नको. मी त्या गाळ्यावरचा तोलणार. माल काट्यावर घ्यायचा, वजन पुकारायचं. वडिलांनीही हेच केलं. एरवी शेठना मला चहा विचारायचीही आठवण नसे.

"शेठ, रोजा आहे," मी म्हणालो.

"आजच्या दिवशी कसला रोजा? सुतक आहे का तुला? कोण लागत होता तो तुमचा?"

हशा पिकला. बबनतात्या, आमच्यातले सगळ्यात जुने हमाल, पुढे झाले. "अवो शेठ, रमजान हाय. संध्याकाळी खाईल की त्यो." शेठने त्यांच्याकडे बघितलंही नाही.

एक वाक्य अगदी जिभेवर आलं होतं. माझी आपा, सख्खी मोठी बहीण, बॉम्बस्फोटात गेली. ईदचे कपडे घ्यायला बाहेर पडली होती. स्फोट याच म्होरक्याच्या माणसांनी केला होता. एवढं बोललो असतो तर शेठने मला मिठी मारली असती. व्हिडिओसाठी डोळेही पुसले असते.

नाही बोललो. का बोलू? मी इथलाच आहे हे पटवायला मेलेल्या बहिणीला पुढे करू? अंगाचा नुसता तिळपापड झाला.

पहाटे सहेरीला अम्मीने बातमी ऐकली. "मेला ना? बरं झालं," एवढंच म्हणाली. मग तिला घास उतरेना. बरं मलाही वाटलं, खोटं कशाला सांगू? तसला माणूस जगायलाच नको होता. पण पेढे? आमच्या घरात कुणाच्या मनातही आलं नाही. आपा थोडीच परत येणार होती. नाचायचं सुचलं ते ज्यांचं कुणी गेलं नव्हतं त्यांना.

मी शेठचा हात बाजूला सारला. पेढा खाली पडला.

"मेला ते बरं झालं. पण मी नाचणार नाही. आणि रोजाही मोडणार नाही. घ्या हे व्हिडिओत."

कुणी हसलं नाही.

"उद्यापासून दुसरा गाळा बघ," शेठ म्हणाले.

"बघतो."

दुसरं काम लवकर मिळालं नाही. अम्मी चिडून म्हणायची, तोंडात धरून नंतर थुंकायचा होतास. तिचं काय चुकलं? घर तिला चालवायचं होतं.

तरी सांगून ठेवतो. पुन्हा कुणीतरी मारला जाईल, आणि पुन्हा सगळे माझ्या चेहऱ्याकडे बघतील. खुशाल बघा. आपाचं नाव मी त्या दिवशी सांगितलं नाही. इथेही लिहिलेलं नाही. मागूनही मिळणार नाही.