सातला बसणार आहोत

सात वाजून दहा मिनिटं झाली होती. मी शाळेच्या फाटकाशी उभा होतो आणि सर्जेराव आले नव्हते. मागच्या खोलीत मीटिंग सुरू झाली होती. तिसऱ्यांदा फोन लावला. बंद.

मी समाजकार्याचा विद्यार्थी. आमच्या घरात कॉलेजला गेलेला पहिलाच. वडील शाहूवाडीकडे भात करतात. मी नेमकं काय शिकतो, हे त्यांना अजून नीट सांगता आलेलं नाही. आम्हाला फील्डवर्क असतं, म्हणजे आठवड्यातले दोन दिवस प्रत्यक्ष काम. मला व्यसनमुक्ती केंद्र मिळालं होतं. सर्जेराव (नाव बदललं आहे) ही माझी पहिली केस. लेथ मशीनवर काम करणारा चाळिशीचा माणूस. दारू सोडून एकवीस दिवस झाले होते, अजून कामावर रुजू झाले नव्हते.

"औषधानं हात थरथरायचे थांबतात," केंद्रातल्या आमच्या मॅडम म्हणाल्या होत्या. "पण संध्याकाळ रोज येते. त्यांना ग्रुप शोधून दे."

ग्रुप म्हणजे दारू सोडलेल्या माणसांनी स्वतःच चालवलेली सभा. डॉक्टर नाही, फी नाही. आपलं सांगायचं, दुसऱ्याचं ऐकायचं. फाइलमधला पत्ता जुना निघाला. दोन दिवस फिरलो. कुणाला विचारायचीही भीती वाटायची, मीच पिणारा वाटलो तर? शेवटी या शाळेच्या शिपायाला विचारलं.

"न पिणारी माणसं व्हय? मागच्या खोलीत. बुधवारी या पावणं, सुटंल तुमचीबी."

मी वार आणि वेळ लिहून घेतली.

मॅडमचा एक नियम होता. पेशंटच्या परवानगीशिवाय ग्रुपचं नाव कुणालाही सांगायचं नाही, घरच्यांनाही नाही. सर्जेराव यायला तयार होते, पण बायकोला मीच सांगतो म्हणाले. आधी दोनदा शब्द देऊन मोडला होता, म्हणून त्यांना चार मीटिंगा झाल्यावर सांगायचं होतं.

बुधवारी दुपारी आठवण करून द्यायला फोन केला. उचलला बायकोनं. मला नियम आठवला. जपून बोललो, "वहिनी, मी त्यांच्या ओळखीचा. संध्याकाळी सातला आम्ही सगळे बसणार आहोत. त्यांना नक्की पाठवा."

"कुठं?"

"शाळेत. मागच्या खोलीत."

"शाळंत?" कुठली, ते तिनं विचारलं, मी सांगितलं. मग म्हणाली, "बरं."

मी डायरीत लिहिलं : पत्नी सहकार्य करते.

आता फाटकाकडे एक बाई झपाझप चालत आली. पदर खोचलेला.

"सातला बसणार म्हणून फोन केलेला तूच न्हवं?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्याकडे चार माणसं 'बसली' म्हटलं, की मध्ये काय ठेवलंय हे कुणी विचारत नाही. हे मला लहानपणापासून माहीत होतं.

"एकवीस दिस झालं," ती म्हणाली. "रोज कॅलेंडरवर टिकली लावतोय मी. आणि तू शाळंत बसवतोस व्हय रं? देवाची तरी भीती?"

"ते कुठं आहेत?"

"घरात. भाईरनं कुलूप घालून आलोय. फोनबी माझ्याकडंच. उद्या लेकीला घेऊन बिद्रीला म्हायेरी चाललोय. मिटलं."

एकटा, अपमान झालेला माणूस. स्लिप अशीच होते, म्हणजे सुटलेली दारू पुन्हा एकदा घेतली जाते.

"घरात काही आहे का?"

"माळ्यावर हुती. फेकली मी." मग तिचा आवाज उतरला. "एक सापडली, ती फेकली."

खरं सांगावं तर नियम मोडतो, गप्प राहावं तर घर मोडतं. तिला आत न्यावं, तर ती सभा फक्त सभासदांची. आमचा आवाज ऐकून ग्रुपमधले अण्णा, साठीचे गृहस्थ, हातात स्टीलचा पेला घेऊन बाहेर आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"ताई, आम्ही बसतोय खरं, पर चहावर. मी पिणारा माणूस. बारा वर्सं झाली, घेतली न्हाई. ह्या पोराला मराठी येत न्हाई बगा, कॉलेजात शिकतंय."

अण्णांनी फक्त स्वतःचं सांगितलं. सर्जेरावांचं नावही घेतलं नाही. बाईनं त्यांच्या हातातला पेला घेतला, वास घेतला आणि परत दिला.

"रिक्षा थांबवा," ती म्हणाली.

अण्णाही आमच्याबरोबर रिक्षात बसले. दारात तिला किल्ली लागेना. कुलूप अण्णांनी काढलं.

सर्जेराव दाराकडे तोंड करून जमिनीवर बसले होते. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. समोर धुळीनं माखलेली बाटली.

"माळ्यावर दुसरी हुती," ते बायकोला म्हणाले. "सील हाय, बघ. तू आलीस की ओतायची म्हणून बसलोय."

तिनं बाटली उचलली, उजेडात धरून सील पाहिलं आणि मोरीत ओतली. पाणी सोडलं. मग पुन्हा सोडलं.

"आता आत घेत्यात का?" सर्जेरावांनी अण्णांना विचारलं.

"घेत्यात. चल."

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना सगळं सांगितलं आणि डायरीतलं 'पत्नी सहकार्य करते' हे वाक्य खोडायला लागलो. "राहू दे," त्या म्हणाल्या, "खरं निघालं ते."

आता फोन दुसऱ्यानं उचलला तर काय सांगायचं, हे मी पेशंटलाच आधी विचारून ठेवतो. आणि घरच्यांनी बाटली फेकली म्हटलं, की किती होत्या तेही विचारतो.