परस्पर संपर्क टाळावा

फोन टेबलावर पालथा घालायचा, त्यावर तळहात ठेवायचा, डोळे अर्धे मिटायचे आणि म्हणायचं, "ते माझ्यावर सोडा." आमच्या मंडळाच्या सल्लागारांना असं बसलेलं ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना मी वेगळं काही सांगायला नको. ज्यांनी पाहिलेलं नाही, त्यांनी आपल्या सोसायटीत किंवा ऑफिसात नीट बघावं. असा माणूस सापडतोच.

डब्लिनमधल्या मराठी मंडळाची मी चिटणीस होते. राहायला शेजारच्या डून लेरीला, काम सॉफ्टवेअरचं, आणि २०२० च्या मार्चपासून तेही स्वयंपाकघराच्या टेबलावरून. सल्लागार म्हणजे लेकीकडे राहायला आलेले सेवानिवृत्त गृहस्थ. सरकारी राजशिष्टाचार खात्यात होतो, असं ते सांगत. तिथे नेमके काय होते, हे कुणी विचारलं नाही. पहिल्याच भेटीत मी त्यांना सवयीने "काका" म्हटलं.

"काका घरी," ते म्हणाले. "इथे सल्लागार."

आणि मी त्यांच्या लेखी कायमची "चिटणीसबाई" झाले. माझं नाव त्यांना माहीत होतं की नाही, देव जाणे.

आमचे अध्यक्ष एका कंपनीत मॅनेजर होते. दीडशे कुटुंबांचं मंडळ, वर्षाला गणपती, दिवाळी आणि महाराष्ट्र दिन, एवढाच कारभार. पण सल्लागार भेटल्यापासून त्यांना आपण एका लहानशा देशाचे राष्ट्रपती आहोत असं वाटू लागलं. भारतीय वकिलातीत आमंत्रण द्यायचं असलं तरी ते स्वतः फोन करत नसत. "अध्यक्ष फोन करत नाहीत," सल्लागारांनी शिकवलं होतं. "अध्यक्षांच्या वतीने फोन केला जातो." म्हणजे मी करायचा.

लॉकडाऊनमधला गणपती झूमवर झाला. अध्यक्षांनी सगळ्यांत शेवटी प्रवेश करावा, असा सल्ला होता. म्हणून ते फेटा बांधून झूमच्या वेटिंग रूममध्ये थांबले, आणि आरतीच्या गडबडीत त्यांना आत घ्यायचं मी विसरले. वीस मिनिटं! आत आले तेव्हा प्रसादाचे मोदक दाखवणं चाललं होतं. चेहरा लाल. सल्लागार शांतपणे म्हणाले, "उशीर हा पदाचाच भाग आहे." अध्यक्षांना ते इतकं पटलं की पुढे ते आपणहून उशिरा येऊ लागले.

मग नेमणुका सुरू झाल्या. गावोगावी मंडळाचे "प्रतिनिधी" नेमायचे, असं दोघांनी ठरवलं. ज्यांना नेमलं त्यांना कुणी विचारलं नव्हतं. कासलबारला एक, लेटरकेनीला एक. लेटरकेनीच्या रुग्णालयात नागपूरची एक तरुण डॉक्टर होती, तिला नेमणुकीचं पत्र गेलं. तिने मला फोन केला. "ताई, हे काय आहे? मला काय करायचंय?"

"काही नाही," मी म्हटलं.

"मग ग्रँड," ती आयरिश थाटात म्हणाली, हसली आणि राउंडला गेली.

पत्रात शेवटी एक ओळ होती: वकिलातीशी संबंधित सर्व कामे मंडळामार्फतच करावीत, परस्पर संपर्क टाळावा. सल्लागारांनी ती दोनदा वाचून दाखवली होती. टाइप मी केली होती. हसत हसत केली होती, हेही सांगून टाकते.

२०२१ च्या एप्रिलमध्ये नागपूरहून तिला फोन आला. आईला कोविड, ऑक्सिजन लावलेला, बेड कसाबसा मिळालेला. तिची मुलगी आठ महिन्यांची, अंगावर पिणारी. नवरा कासलबारच्या रुग्णालयात डॉक्टर, कोविड वॉर्डात ड्यूटीवर. मुलीला मागे ठेवणं शक्य नव्हतं, आणि मुलीचा पासपोर्ट आयरिश, म्हणजे तातडीचा व्हिसा हवा. तिने नेमणुकीचं पत्र काढलं, ती ओळ वाचली आणि मंडळाला मेल केली. गुणी मुलगी. सांगितलेलं ऐकणारी.

मंडळाची मेल तेव्हा सल्लागार बघत. मला कळलं ते तिसऱ्या दिवशी, तिच्याच फोनवरून. "ताई, वकिलातीतून काही कळलं का? आईला आता व्हेंटिलेटर लावतायत." मला काहीच माहीत नव्हतं. मी सल्लागारांना फोन लावला.

"आहे माझ्याकडे," ते म्हणाले. "महाराष्ट्र दिनाच्या आमंत्रणासाठी या आठवड्यात अध्यक्षांनी वेळ मागितली आहे. त्याच दारावर एका आठवड्यात दोनदा जाणं बरं दिसत नाही. अध्यक्षांची भेट होऊ द्या, मग हा विषय मी हळूच काढतो."

"तिची आई मरतेय हो!"

"चिटणीसबाई, ते माझ्यावर सोडा."

मी अध्यक्षांना फोन केला. ते म्हणाले, सर म्हणतात त्यात पॉइंट आहे. त्या दिवशी मी त्या दोघांना पुन्हा फोन केला नाही. डॉक्टरला म्हटलं, "मंडळ गेलं खड्ड्यात. तू वकिलातीला सरळ मेल कर, आत्ता, मी फोनवर थांबते." पाऊण तासात उत्तर आलं. उद्या सकाळी कागद घेऊन या, बाळाला आणायची गरज नाही.

शेजारच्या नर्सकडे बाळ ठेवून ती पहाटे निघाली. साडेतीन तास गाडी चालवत आली, वाटेत लॉकडाऊनच्या नाक्यावर पोलिसांनी अडवलं तर त्यांना कागद दाखवले. व्हिसा त्याच दिवशी मिळाला. खिडकीमागच्या बाईंनी आईची चौकशीही केली म्हणे.

दोह्याला विमान बदलताना तिला भावाचा फोन आला. मुलगी कडेवर होती. आई सकाळीच गेली होती.

मंडळाने शोकसंदेश पाठवायचं ठरवलं. मसुदा सल्लागारांचा. अध्यक्षांच्या नावाने, तृतीय पुरुषात, सुंदर. "मंडळाने सर्व राजनैतिक पातळ्यांवर केलेल्या प्रयत्नांनंतरही" अशी सुरुवात. मी तो पाठवला नाही. राजीनामाही दिला नाही. सप्टेंबरच्या कार्यक्रमापर्यंत थांबते म्हटलं. खरं तर हिंमत झाली नाही.

सप्टेंबरात निर्बंध सैल झाले. डून लेरीच्या एका बागेत, समुद्रासमोर, मंडळाचा पहिला प्रत्यक्ष कार्यक्रम ठरला. वकिलातीतले एक अधिकारी येणार होते. सल्लागारांनी आठ दिवस खपून आराखडा काढला: गाडी कुठे थांबेल, दार कोण उघडेल, गुच्छ कोणत्या हाताने द्यायचा. अध्यक्ष गुच्छ घेऊन पार्किंगमध्ये उभे राहिले. अधिकारी डार्टने, म्हणजे आमच्या लोकल ट्रेनने आले, दहा मिनिटं आधी, खांद्याला सॅक. त्यांनी मला टॉयलेट कुठे आहे विचारलं आणि मग मुलांच्या सतरंजीवर बसून बटाटेवडा खाल्ला. अध्यक्ष धावत आले तेव्हा अधिकाऱ्यांच्या हाताला चटणी लागलेली होती. गुच्छ कोणत्याच हाताने घेता येईना.

खाता खाता त्यांनी इंग्रजीत विचारलं, "त्या लेटरकेनीच्या डॉक्टर आल्यात का? त्यांची आई भेटली का त्यांना?"

नाही, मी म्हटलं.

ते म्हणाले, "आम्ही तर रोज उघडे होतो. त्यांनी थोडं आधी लिहायला हवं होतं."

अध्यक्ष ताबडतोब म्हणाले, "हो ना, लोक वेळेवर सांगतच नाहीत." मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"त्यांनी वेळेवरच लिहिलं होतं. मंडळाला. ती मेल मी दोन दिवस दाबून ठेवली."

सल्लागार उभे होते. फोन खिशात, हात दोन्ही बाजूंना सोडलेले. अधिकाऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग हातातल्या वड्याकडे, आणि वडा कागदात गुंडाळून ठेवला. सल्लागारांनी आपल्या आराखड्याचे कागद गोळा केले आणि बागेच्या फाटकातून एकटेच बाहेर पडले. त्यांची लेक मुलांना बूट घालायला लावून मागून गेली.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी ग्रुपवर टाकलं की सल्लागारपद तत्काळ रद्द करण्यात येत आहे. स्वतःबद्दल एक अक्षर नाही. माझा राजीनामा मी त्या मेसेजखालीच टाकला, दोन ओळींचा. आजही ते अध्यक्षच आहेत.

सल्लागार दिवाळीनंतर भारतात परत गेले. जाण्याआधी त्यांच्या लेकीने मला फोन केला होता. "ताई, बाबा खात्यात कारकून होते. पाहुण्यांची यादी करायचे. समारंभाच्या आत कधी गेले नाहीत." वाईट वाटलं, नाही असं नाही. पण यादी करणाऱ्याला तरी कळायला हवं होतं की यादीत माणसं असतात.

डिसेंबरात मी लेटरकेनीला गेले. डॉक्टरची मुलगी आता भिंत धरून चालत होती. फ्रिजवर मॅग्नेटखाली एक जाड पाकीट होतं, हाताने लिहिलेलं, तिचं नाव तिच्या सगळ्या पदव्यांसकट, वळणदार अक्षरात.

"त्यांचं आहे," ती म्हणाली. "महिना झाला."

"वाचलंस?"

तिने नकारार्थी मान हलवली. मुलगी फ्रिजपाशी जाऊन हात वर करून पाकिटाकडे बघत होती. आईने तिला उचललं, पाकीट थोडं वर सरकवलं आणि दूध काढायला दार उघडलं.