दारावरचा तक्ता

बायकोला पहिल्यांदा चक्कर आली ती मंगरूळपीरच्या बसस्टँडवर. नात्यातल्या लग्नाला निघालो होतो. लग्न राहिलं, तिला परस्पर वाशिमला डॉक्टरांकडे नेलं. रक्तदाब वाढलेला, साखर वाढलेली, रक्तात चरबी, कंबरेचा घेर मोठा. डॉक्टर म्हणाले, ही वेगवेगळी दुखणी समजू नका, एकमेकांचा हात धरून आलेली आहेत. गोळ्या लिहून दिल्या, पण खरं औषध ताटात आहे म्हणाले. भात आणि तळण कमी, साखर-गूळ बंद. ज्वारीची भाकर, डाळ, पालेभाजी खायची आणि रोज चालायचं.

मी शाळामास्तर. आमच्या गावी, किन्हीराजाला, घरी आल्याबरोबर वळणदार अक्षरात पथ्याचा तक्ता लिहिला आणि स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवला. माझं काम झालं असं मला वाटलं.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. साखर तशीच, वजन उलट वाढलेलं. मी दोन्ही मुलांसमोर तिला बोललो. तोंडावर ताबा नाही, एवढं शिकवूनही उपयोग नाही, असं काहीबाही. ती खाली मान घालून गहू निवडत राहिली.

पुढे एकदा शाळा लवकर सुटली. घरी आलो तर ती चुलीजवळ एकटी जेवत होती. ताटात सकाळचा गार भात, मुलांनी अर्ध्या टाकलेल्या पोळ्या, कढईच्या तळाशी राहिलेली तेलकट वांग्याची भाजी. भाकर नव्हती.

"हे काहून खाऊन राह्यली? तुही भाकर कुठं हाये?"

"एकटीसाठी कायले थापू? एवढं उरते, फेकून देऊ का?" ती म्हणाली. मग घास हातातच ठेवून हळूच म्हणाली, "तुमचा तक्ता म्या वाचला. पण तुमी सगळे जेवल्यावर जे राह्यते, तेच माह्या वाट्याले येते. लग्न झाल्यापासून तेच खाल्लं. ते त्यात कुठं लिवलं नोतं."

मी तिच्यासमोर खाली बसलो. बावीस वर्षं एका घरात राहून तिच्या ताटात काय असतं हे मी पाहिलं नव्हतं. ती नेहमी आमच्यानंतर जेवायची, आणि तोवर मी ओसरीवर पेपर घेऊन बसलेला असायचो.

त्या दिवसापासून घरात सगळ्यांना एकच जेवण. भात मोजून टाकायचा, उरेल इतकं रांधायचं नाही, आणि तिनं आमच्यासोबत बसायचं. मुलं कुरकुरली, मग त्यांना सवय झाली. मी भाकर थापायला शिकलो. पहिल्या कितीतरी भाकरी तव्यावर टाकतानाच मोडल्या, तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसली. सकाळी आम्ही दोघं रस्त्यानं चालायला जायचो. सुरुवातीला तिला माझ्यासोबत चालायची लाज वाटायची, चार पावलं मागे राहायची. हळूहळू बरोबरीनं चालू लागली. ब्लाउज सैल झाले, साखर उतरली. डॉक्टरांनी पाठ थोपटली, ती माझी. मी म्हणालो, हिची थोपटा.

असं एक वर्ष मिळालं.

मग एका दुपारी मेथी निवडता निवडता ती भिंतीला टेकली. डावा हात उचलेना, शब्द फुटेना. गाडी करून वाशिमला नेलं. तिसऱ्या दिवशी ती गेली. डॉक्टर म्हणाले, रक्तवाहिन्या कितीतरी वर्षांपासून खराब होत आल्या होत्या, शेवटचं वर्ष तुम्ही चांगलं सांभाळलं.

दिवस झाल्यावर पाहुणे पांगले. धाकट्यानं जेवताना विचारलं, "बाबा, आई तं सगळं पाळून राह्यली होती ना?"

मी हो म्हणालो. मग राहवलं नाही. शाळा लवकर सुटली त्या दिवशी तिच्या ताटात मी काय पाहिलं, त्या अर्ध्या पोळ्यांसकट, आणि ती काय म्हणाली, सगळं त्याला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. तो उठला आणि मोरीत बराच वेळ हात धूत राहिला.