गालिच्यावरची हॉकी

आर्णीच्या बसस्टँडसमोरच्या हॉटेलात एक म्हातारे चाचा मला एकदाच भेटले. टीव्हीवर क्रिकेट चालू होतं. चाचांनी हॉटेलवाल्याशी, गिऱ्हाइकांशी, अगदी माझ्याशीही भांडून हॉकी लावायला लावली. भारताचीच मॅच होती, बरोबरीत अडकलेली.

हॉकी लागताच चाचा टीव्हीकडे पाठ करून आमच्याकडे वळले. "हे कायची हॉकी? ह्या प्लास्टिकच्या गालिच्यावर खेळून राह्यले! आमच्या टायमाले मातीवर खेळत." मग छत्री उलटी धरून त्यांनी एक जुना सामनाच सुरू केला. टेबलांमधून वाकत, दोन गिऱ्हाइकांना चकवत त्यांनी छत्रीच्या मुठीनं बिस्किटाचा पुडा असा हाणला, की तो थेट काउंटरखाली गेला.

नेमका तेव्हाच टीव्हीवर भारताचा गोल झाला. सगळं हॉटेल ओरडलं. जल्लोष आपलाच समजून चाचांनी हात वर केला.

मी म्हटलं, "चाचा, तिकडे टीव्हीवर खरा गोल झाला, तो पाहायचा तुमचा राहून गेला."

त्यांचा चेहरा पडला. समजूत काढावी म्हणून मी विचारलं, "ती जुनी मॅच तरी मैदानात बसून पाहिली होती ना?"

"नाही जी, रेडिओवर आयकली," छत्री बगलेत मारत ते म्हणाले. "रेडिओकडे पाठ केली तरी गोल दिसे."