कुत्र्याचा उपास

आमच्या कुत्र्यानं जांभई दिली, की ओसरीवर बसलेले पाहुणे चपला शोधायला लागायचे. खोटं कशाला बोलू, मला पहिल्यांदा ते बरंच वाटलं. आष्टीच्या बाजाराला आलेला माणूस हक्कानं आमच्याकडं जेवायला थांबायचा, तो आता पाण्याचा तांब्या खाली ठेवून "येतो मंग" म्हणत सुटायचा. चहासुद्धा वाचायचा.

पण मंग कुत्र्यानं भाकर सोडली. तुकडा तोंडात घ्यायचं, मान वाकडी करायचं न् टाकून द्यायचं. डाव्या डोळ्याखाली सुपारीएवढी गाठ आली. माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते, पार हादरल्या. कुत्रं त्यांचं. मामंजी गेल्यापासून ते त्यांच्या खाटेखाली झोपतं, न् त्या त्याच्याशी जेवढं बोलतात तेवढं माझ्याशी लग्न झाल्यापासून बोलल्या न्हाईत. "हे गेलं तर मी बोलू कुणाशी?" असं त्यांनी मलाच विचारलं. मी समोर उभी होते की! असा राग आला म्हणून सांगू! पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून तो गिळला.

आधी दृष्ट काढून झाली. मिरच्यांच्या धुरानं कुत्रं शिंकून शिंकून दमलं, गाठ होती तिथंच. शेवटी मी नवऱ्याला गाडी काढायला लावली न् आम्ही त्याला जालन्याला, कुत्र्यामांजरांच्या डॉक्टरकडं नेलं.

डॉक्टरनं त्याचा ओठ वर केला, तसा तोच जांभईचा वास आला न् आम्ही दोघींनी नाकाला पदर लावला. डॉक्टर बिचारा तसाच वाकून बघत राहिला. म्हणाला, "दाढ सडलीय, मुळाशी पू झालाय. ती काढावी लागेल. बाकीच्या दातांवरचं किटणही खरवडून काढू. पण बेशुद्ध करावं लागेल."

"उठंल ना पण?" आत्याबाई.

"म्हातारं आहे, आजी. जपून करू. पण दाढ ठेवली तर ते खाणारच नाही." मंग त्यानं विचारलं, "घरी दात घासता का त्याचे?"

"आजपर्यंत न्हाई घासले. मिसरी लावू का? माझ्या डबीतली देते."

डॉक्टरचं तोंड बघण्यासारखं झालं. "मिसरी नको, आजी. तंबाखू असते ती. तुम्हीही नका लावू."

आत्याबाईंनी गालातली लवंग दाढेखाली दाबली न् तोंड मिटून घेतलं. ती लवंग दिवाळीपासून तिथं होती. विचारलं की म्हणायच्या, "सवय हाय."

गोळ्या दिल्या, पुढच्या आठवड्यात बोलावलं. जाताना डॉक्टरनं बजावलं, आदल्या रात्रीपासून पोटात अन्नाचा कण नको. घरी मीही आत्याबाईंना सांगितलं, "ध्यानात ठिवा, त्याचा उपास आहे." इथंच चुकलं माझं. उपास ठेवायचं काम त्यांच्याकडं गेलं.

ठरल्या दिवशी सकाळी डॉक्टरनं विचारलं, "काही खाल्लं नाही ना?"

"बिलकुल न्हाई," आत्याबाई मान ताठ करून म्हणाल्या. "कडक उपास हाय. नुसती भगर न् शेंगदाण्याची आमटी. हळदसुदिक घातली न्हाई."

डॉक्टर मटकन खुर्चीत बसला. "कधी?"

"निघताना. एवढ्या लांब उपाशीपोटी आणावं का मुक्या जीवाला?"

मी कपाळावर हात मारला. नवरा बाहेर जाऊन हसला, मला खिडकीतून दिसला. मऊ भगर बघून कुत्र्यानं ताटली चाटून चकचकीत केल्ती म्हणे. डॉक्टर म्हणाला, उद्या या.

आल्या पावली परत. गाडीत मी सोडलं न्हाई. "एकादशी अन् दुप्पट खाशी! तुमचं ते तुमचं, कुत्र्यालाबी तेच शिकवलं!"

त्या भांडल्याच न्हाईत. एवढंच विचारलं, "खाल्लेलं असलं तर काय होतंय गं?"

"बेशुद्धीत उलटी होती, श्वासात जाती. जीव जातो."

त्यांनी कुत्र्याच्या पाठीवर हात ठेवला, तो परतूर आलं तरी उचलला न्हाई. "म्हंजे मीच मारलं असतं त्याला," म्हणाल्या. मला माझ्या जिभेचा राग आला.

त्या संध्याकाळी कुत्र्याची ताटली पालथी घातली न् आत्याबाईंनी स्वतःचं ताटही. "ते खाईल तव्हा मी खाईन." दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या बाकड्यावर मी केळी आणून दिली.

"खा की. केळं चालतं उपासाला."

"हा तसला उपास न्हाई," त्या म्हणाल्या.

दार उघडलं न् कुत्रं बाहेर आलं, वरातीतून परतलेल्या माणसासारखं, चारी पाय चार दिशांना. आत्याबाई खाली बसल्या, त्याला कवेत घेऊन ढसाढसा रडल्या. मंग हळूच त्याचा ओठ वर करून बघितला. "अगं बाई! नवरदेवासारखे दात झाले की!"

संध्याकाळी घरी मऊ भात ठेवला. हुंगला, थांबलं, न् खायला लागलं. सगळा खाल्ला. तव्हा कुठं आत्याबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला, एक घास चावला न् "आई गं!" करून गाल धरला. उपासात लवंगसुद्धा ठेवली नव्हती त्यांनी.

जरा वेळानं त्या कुत्र्यासमोर वाकल्या. "खरं सांग, लई दुखतं का रं काढताना?"

कुत्र्यानं त्यांचा हात चाटला.

"न्हाई म्हणतंय," त्या म्हणाल्या. मंग माझ्याकडं वळल्या. "दिवाळीपासून दुखून राह्यलं बघ, पोरी. माझंबी बघ ना कुठं डॉक्टरचं."

मी त्यांची भाकर दुधात कुस्करली न् ताट पुढं सरकवलं. "आधी हे खा. माणसांच्या डॉक्टरला विचारते, उपास लागतो का."

"विचार. न् लागला तर मला भगर देऊ नको बरं का."