शरदभाऊंचा हेडफोन

शरदभाऊंशी बोललं की आपल्या वाक्याचं शेपूट आपल्याला परत मिळायचं. "आज ऊन फार आहे," म्हटलं की ते मान डोलवत म्हणायचे, "...फार आहे." "मटार स्वस्त झाला," म्हटलं की, "...स्वस्त झाला." नवखा माणूस चिडायचा, त्याला वाटायचं हे आपली नक्कल करतायत. तसं काही नव्हतं. हा जन्मभर पेटीची साथ केलेला माणूस. गाणारा ओळ सोडतो आणि पेटीवाला तिचं टोक अलगद उचलून धरतो, ती सवय बोटांतून जिभेत उतरली होती. त्यांची बायको, आमच्या कुमुदवहिनी, वैतागून म्हणायच्या, "अहो, एखादं वाक्य कधी स्वतःचं बोला ना." भाऊ शांतपणे म्हणायचे, "...बोला ना."

ग्वाल्हेरच्या दर्पण कॉलनीत आमची घरं भिंतीला भिंत लावून. भाऊ वीज खात्यातून निवृत्त झालेले, वहिनी दाना ओलीतल्या एका जुन्या मराठी पुजारी घराण्यातल्या. माहेरची पदं त्यांच्या गळ्यात होती, आणि त्यांतली काही आता दुसऱ्या कोणाच्याच गळ्यात उरली नव्हती. ग्वाल्हेरात आपल्या लोकांकडे गणपती असो, हळदीकुंकू असो, या दोघांना जोडीनेच बोलावलं जायचं. भाऊंना कोणी म्हणालं, "एकट्यानं काही वाजवा," तर ते पेटीचा भाता बंद करायचे. म्हणायचे, "पेटी म्हणजे सावली आहे. सावलीनं एकटं नाही फिरायचं."

घरात मात्र दोघांचं पटायचं नाही. भाजीत मीठ, गच्चीचं कुलूप, पंख्याचा वेग, भांडायला काहीही पुरायचं. मी मध्ये पडायचं कधीच सोडून दिलं होतं. पण गायला बसले की बघत राहावं. वहिनी ओळ संपवून थांबायच्या, भाऊंकडे न बघता. त्या थांबलेल्या वेळात भाऊ आपला छोटासा तुकडा वाजवायचे, वरून खाली उतरत येणारा, आणि शेवटचा सूर अर्धवट सोडायचे. तो सूर उचलूनच वहिनी पुढची ओळ घ्यायच्या. भांडण किती मोठं झालं होतं हे त्या तुकड्यावरून कधी कळलं नाही.

मग वहिनींना दम लागायला लागला. आधी जिना चढताना, मग बसल्या बसल्या. दवाखाना झाला, दिल्लीच्या डॉक्टरांना दाखवून झालं, आणि एका पावसाळ्यात त्या गेल्या. भाऊंनी रडारड केली नाही. फक्त वाक्यांची शेपटं परत देणं थांबलं. मी कुंपणावरून म्हणायचे, "भाऊ, चहा टाकलाय," आणि पुढे काहीच यायचं नाही. एवढ्या वर्षांनी मला माझंच बोलणं अर्धवट वाटायला लागलं.

काही महिन्यांनी ते फोन हातात घेऊन माझ्याकडे आले. मी शाळेत शिकवते आणि मुलांसाठी धडे, गोष्टी घरीच रेकॉर्ड करते. साड्यांच्या कपाटात तोंड घालून बोललं की आवाज घुमत नाही, एवढंच माझं तंत्रज्ञान. पण भाऊंच्या लेखी मी मोठी साउंडवाली. फोनमध्ये वहिनींचं एक पद होतं. मुलगी मीनल गुडगावला असते, तिनं "आई, ते दाना ओलीचं पद पाठव ना" म्हटलं म्हणून वहिनींनी एका संध्याकाळी स्वयंपाक करता करता फोन ओट्यावर ठेवून गायलं होतं. भाऊ तेव्हा घरी नव्हते, फूलबागेत फिरायला गेले होते.

"तिचा आवाज आहे, माझी पेटी नाही," भाऊ म्हणाले. "हे एक पद पूर्ण करायचं आहे, विद्या. बाकी मला काही पाहिजे नाही."

मी पंखा आणि झाऱ्याचा आवाज पुसून द्यायची तयारी दाखवली. तेवढं मला येतं. भाऊंनी फोन माझ्या हातातून काढूनच घेतला. "पंखा राहू दे. पंखा पण आमच्याच घरचा आहे."

पहिला प्रयत्न त्यांनी त्यांच्याच पद्धतीनं केला. फोन मोठ्या आवाजात लावला, समोर माझा माइक ठेवला आणि पेटी वाजवली. पेटीबरोबर वहिनींचा आवाजही माइकमध्ये शिरला, आणि दोन्ही एकत्र लावल्यावर एक कुमुद पुढे आणि एक कुमुद मागे गायला लागली. भाऊ म्हणाले, "एक सांभाळता नाही आली, दोन कुठून आणल्यास?" मी सांगितलं की हेडफोन लावावा लागेल, तिचा आवाज फक्त तुमच्या कानात राहिला पाहिजे. माझा देऊ केला तर घेईनात. "माइक उसना चालेल. कान उसने नाही चालत."

मीनलनं ताबडतोब एक भारी, बिनतारी हेडफोन पाठवला. मी माझा लॅपटॉप दिला. भाऊंनी आठवडाभर तो हेडफोन लावून पदावर पेटी रेकॉर्ड केली आणि एका दुपारी पडलेल्या चेहऱ्यानं माझ्याकडे आले. दोन्ही एकत्र लावून ऐकलं की प्रत्येक ओळीत पेटी मागे पडत होती. "माझे हात म्हातारे झाले. ती पुढे निघून जाते, माझ्याने नाही पकडली जात," म्हणाले. मला त्यांचं तोंड बघवेना. मी त्यांना समजावलं की बिनतारी हेडफोनमध्ये आवाज किंचित उशिरा पोचतो. ती गाऊन पुढे जाते, तुम्हाला मागून ऐकू येतं, हातांचा दोष नाही. त्यांनी आपले दोन्ही हात पालथे-उताणे करून बघितले आणि माझ्याकडे चहा मागितला.

मग आम्ही दुकानात गेलो. मी रिक्षात बसल्या बसल्या त्यांना पढवलं: खिशाला परवडेल असा एकच घ्यायचा आहे, तेव्हा कान पूर्ण झाकणारा, मागून बंद घ्या, म्हणजे आवाज बाहेर गळणार नाही. तारेचा घ्या, म्हणजे उशीर होणार नाही. आणि आवाज नटवणारा नको, जसा आहे तसा ऐकवणारा पाहिजे, कारण पेटी आणि गळा एकमेकांत मिसळताना तोच उपयोगी पडतो.

"बंद, सरळ स्वभावाचा, आणि महाग नको," भाऊ म्हणाले. "हेडफोन शोधतो आहोत की जावई?" वहिनी गेल्यानंतर मी त्यांच्या तोंडून ऐकलेला तो पहिला विनोद.

महाराज बाड्याजवळच्या त्या दुकानदाराची मला अजून दया येते. त्यानं एक धडधडणारा हेडफोन काढून दिला, "अंकल, इसका बेस देखो, सीना हिल जाएगा." भाऊ म्हणाले, "भैया, सीना तो वैसे ही हिला हुआ है. मुझे सुनना है." त्यांनी खिशातून फोन काढला, वहिनींचं पद लावलं आणि डोळे मिटले. लगेच काढून ठेवला. "ही कुमुद नाही. हिला कोणीतरी तूप पाजलं आहे, आणि पंख्याचा ट्रक करून टाकला." दुसरा लावला. "हिला सर्दी झाली." तिसऱ्यात ती विहिरीत उतरून गात होती. काउंटरवर डब्यांचा ढीग झाला. शेवटी दुकानदारानं कंटाळून खालच्या फळीवरचा एक काढला, काळा, बोजड, दिसायला अगदीच गबाळा, लांब तारेचा. म्हणाला, "ये कोई लेता नहीं, अंकल. इसमें मज़ा नहीं आता."

भाऊंनी तो लावला आणि बराच वेळ काढला नाही. दुकानदार दुसरं गिऱ्हाईक बघायला गेला. मी त्यांच्या खांद्याला हात लावून विचारलं, काय? ते डोळे न उघडता म्हणाले, "घरी आली."

त्यानंतर चार दिवस त्यांनी मला हाक मारली नाही. मग एकदा भर दुपारी कुंपणापाशी येऊन नुसते उभे राहिले. मी घाबरून त्यांच्यामागे गेले. त्यांच्या खोलीत पेटी उघडी होती, माझा लॅपटॉप पलंगावर. त्यांनी तो गबाळा हेडफोन माझ्या कानांवर चढवला आणि पद सुरू केलं. पंखा, झारा, कढईत काहीतरी परतल्याचा आवाज, आणि वहिनी. पहिली ओळ संपली आणि त्या थांबल्या.

ते थांबणं आम्हा सगळ्यांना माहीत होतं. फोनवर ऐकताना प्रत्येक ओळीनंतर एक मोठी पोकळी ऐकू यायची आणि वाटायचं, की बाईला तेव्हाच दम लागत होता. मीनल तर त्यापायी ते पद लावूच द्यायची नाही. वहिनींनी पाठवलं तेव्हा ती मीटिंगमध्ये होती, तिनं उत्तरात नुसतं अंगठ्याचं चिन्ह पाठवलं आणि विसरून गेली. नंतर तिला वाटत राहिलं की आईचा श्वास तुटत होता आणि मी नुसता अंगठा पाठवला. भाऊ फोनवर विषय काढायचे तर म्हणायची, "बाबा, प्लीज, वो वाला मत लगाना. माझ्याने नाही ऐकवत."

त्या पोकळीत आता मला पंखा ऐकू आला, आणि पंख्याच्या आवाजाखाली, अगदी तळाशी, वहिनी गुणगुणत होत्या. तोंड मिटून. वरून खाली उतरत येणारा तुकडा, शेवटचा सूर अर्धवट सोडलेला. मग तोच सूर उचलून त्यांनी पुढची ओळ घेतली. दुसऱ्या ओळीनंतर परत तसंच. तिसरीनंतरही.

भाऊ माझ्या तोंडाकडे बघत होते. "मी घरी नव्हतो," ते म्हणाले. "मी नव्हतो तर ती माझं पण वाजवते आहे." आणि मग तो माणूस, जो स्मशानातही रडला नव्हता, पेटीवर डोकं ठेवून रडला. मीही रडले. धीर द्यायला माझ्याकडे काही नव्हतं, आणि द्यावासा वाटलाही नाही.

वहिनींना दम लागत नव्हता असं मी म्हणणार नाही. शेवटच्या कडव्यात ती गुणगुण मध्येच तुटते, तिथे श्वास अपुरा पडल्याचं स्वच्छ कळतं. पण वहिनी थांबल्या होत्या त्या दमून नाही. नवऱ्यासाठी जागा मोकळी ठेवून थांबल्या होत्या, आणि तो नव्हता म्हणून स्वतःच ती भरत होत्या.

पुढचे कित्येक दिवस भाऊ वाजवत होते. मला वाटलं होतं की आता ते आपले तुकडे त्या जागांत बसवतील. त्यांनी उलट केलं. वहिनी गातात तिथे पेटी त्यांच्यामागे हळूच चालते, आणि ओळ संपली की पेटी बंद होते. जन्मभर जिथे ते वाजवत आले, तिथेच गप्प बसले. मी विचारलं तर म्हणाले, "मी वाजवलं तर ती झाकली जाईल. आता तिची पाळी आहे." मिसळताना पेटी इतकी खाली ठेवायला लावली की मला भांडावं लागलं. "भाऊ, तुम्ही ऐकूच येत नाही आहात." ते म्हणाले, "मला येतो आहे ना."

पद दिवाळीच्या आधी तयार झालं. मीनलला पाठवून द्या, मी म्हटलं. भाऊंना ते मान्य नव्हतं. "फोनवर नाही कळणार तिला, परत तोच दम ऐकेल. दिवाळीत येते आहे ना, मी माझ्या हाताने तिच्या कानाला लावीन." ते तो हेडफोन रोज पुसायचे. मीनलची दिवाळीची सुट्टी रद्द झाली. भाऊ म्हणाले, "काम असतं पोरीला. संक्रांतीला येईल."

संक्रांतीच्या आधीच, एका थंड सकाळी, भाऊ दूध घेऊन आले, पायरीवर बसले आणि उठले नाहीत.

तेराव्याला घर माणसांनी भरलं होतं. कोणीतरी हौसेनं मोठा स्पीकर आणला आणि लॅपटॉपवरचं पद लावलं. वहिनींचा आवाज ऐकून बायकांनी पदर डोळ्यांना लावले. पहिली ओळ संपली, पेटी थांबली, आणि त्या गर्दीत, त्या स्पीकरवर, पुन्हा तीच पोकळी. भाऊंचे चुलत मेहुणे मान हलवून म्हणाले, "बघा, इथे हात थांबून जातो त्यांचा. वय झालं होतं शेवटी." मला इतका संताप आला की हातातली पत्रावळींची चळत मी त्यांच्यापुढेच आपटली. मीनल उठून आतल्या खोलीत निघून गेली होती.

मी लॅपटॉप उचलला, भाऊंच्या कपाटातून हेडफोन घेतला आणि आत जाऊन दार लावलं. ती म्हणाली, "मावशी, नको. मला माहीत आहे तिथे काय आहे."

"तुला माहीत नाही," मी म्हटलं, आणि तिच्या कानांना लावला.

पहिल्या ओळीनंतर तिनं माझं मनगट धरलं. दुसरीनंतर तिची बोटं रुतायला लागली. पूर्ण पद तिनं ऐकलं. मग मोठ्या आवाजात बोलली, हेडफोन लावलेली माणसं बोलतात तशी, बाहेरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "हे बाबांना माहीत होतं?"

मी होकाराची मान हलवली.

"मग मला सांगितलं का नाही?"

मी तिच्या एका कानावरचा कप बाजूला केला आणि खोटं काही सुचेना म्हणून खरं तेच सांगितलं. "स्वतःच्या हाताने तुझ्या कानाला लावणार होते. तू दिवाळीत येशील म्हणून थांबले होते."

"मी नाही आले," ती म्हणाली. मग तिनं तो कप माझ्या हातातून सोडवून घेतला, परत कानावर घट्ट दाबला आणि पद पहिल्यापासून लावलं.