ओव्याची धुरी

काल बाळंतीण सुनेच्या खोलीत ओव्याची धुरी केली आणि अकोल्यातलं ताईचं पहिलं बाळंतपण आठवलं. न्हाणं झाल्यावर आईने बाजेखाली कोळशाची शेगडी सरकवली. वारा लागू नये म्हणून दाराच्या फटीत मीच चिंध्या कोंबल्या. तासाभराने पाहिलं, तर ताई आणि बाळ दोघं निपचित. "शेकानं झोप लागली तिले, उठवू नको," आई म्हणाली. पण दुधाने ताईची चोळी भिजली होती आणि बाळ रडत नव्हतं. मी तिला हलवलं. मान लुळी पडली. "आई, ताई उठूनच नाई राहिली!" दोघांना अंगणात आणलं. शेजारीण धावत आली. "शेगडी कोंडली काहून? कोळसा जीव घेते!" किती वेळाने ताईने डोळे उघडले आणि बाळ रडलं, कोण जाणे. काल मी सुनेच्या खोलीची खिडकी उघडली. "वारा लागन," विहीणबाई म्हणाल्या. "लागू द्या," मी म्हटलं.